बेताचं ऊन

सगळा जन्म गाई सांभाळण्यात गेला, पण गाय श्वास कसा घेते हे मी कधी पाहिलं नव्हतं. पोट भरलंय का, शेण बांधून पडतंय का, धार किती निघते, माजावर कधी येते, एवढं पाहिलं की झालं. श्वास आपोआप चालतो, त्याच्याकडे कोण बघत बसणार. मागच्या वैशाखात मी पहिल्यांदा बघत बसले, आणि मग मला दुसरं काही दिसेनासं झालं.

आमचा मळा चांदवड तालुक्यात आहे, हायवे सोडून आत. थोडी द्राक्षबाग, थोडा कांदा आणि घराला लागून पत्र्याचा गोठा. घरात मी, मुलगा आणि सून. मूलबाळ अजून का नाही असं लोक विचारतात, आम्ही उत्तर देत नाही. गोठ्यात तेव्हा दोन गाई होत्या. एक डांगी, काळी-पांढरी, म्हातारी. दूध कपभर देते आणि लाथ बादलीभर. दुसरी जर्सी, तांबडी, आमच्याच गोठ्यात जन्मलेली. दोघी त्या पत्र्याखालीच उन्हाळे काढत आल्या. पत्रा तापला की त्याही तापायच्या, मान खाली घालून उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी पुन्हा कडब्याला तोंड लावायच्या. त्यांची काळजी करावी असं कोणाच्या मनातही आलं नाही.

तिसरी गाय आणायची हे सुनेनं ठरवलं. ती दर हंगामात द्राक्षाच्या पॅकहाऊसला जायची. तिथं थंड खोलीत दिवसभर उभं राहून कात्रीनं घडातले खराब मणी काढायचे. घरी यायची तेव्हा तिची बोटं पांढरी पडलेली असायची. भाकरी थापताना म्हणायची, "आत्या, तव्याचा चटका पण लागंना बघा." मागच्या चैत्रात तिनं ती कात्री कोनाड्यात ठेवली आणि सांगितलं, "आता मी पॅकिंगला जायची नाय. मी मोठी गाय आणते. दूध डेअरीला घालीन. त्या गारठ्यात परत उभं राहायचं नाय मला."

मुलगा म्हणाला, "बघ बाई, गाय म्हणजे चोवीस तासांचं लचांड हाय."

"आन् ते पॅकहाऊस काय माहेरपण हाय व्हय?"

तिच्या मनात एवढंच होतं. परत त्या थंड खोलीत जायचं नाही. पुढं जे घडलं त्यात पणाला लागलं होतं ते हेच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गाय मिळाली देवळाली कॅम्पला. एक रिटायर फौजी होते, त्यांचा मुलगा त्यांना परगावी घेऊन चालला होता, म्हणून गाई विकायच्या होत्या. आम्ही तिघं गेलो. मी तसला गोठा कधी पाहिला नव्हता. खाली रबरी चटया, वर पंखे, एका खिडकीत कूलर आणि खांबाला टांगलेला रेडिओ. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची मोठी गाय, आठव्या महिन्याची गाभण. कातडी अशी की हात ठेवला तर घसरावा. तिच्याकडे बघून सुनेचा चेहराच बदलला.

फौजी म्हणाले, "माताजी, पोरीसारखी ठेवलीय हिला. अकरा वाजले की कूलर चालू. गाणी ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नाही."

मी म्हटलं, "आमच्याकडं कूलर माणसाला पण नाय."

"मग कूलर पण घेऊन जा ना गाईबरोबर."

"फुकट काय?" मुलानं विचारलं.

"फुकट तर फौजेत शिवी पण मिळत नाही, बेटा."

आम्ही हसलो. कूलर घेतला नाही. गाय घेतली. तिचं नाव आम्ही कॅम्पवाली ठेवलं.

पिकअप दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होती. गारव्यात निघायचं, ऊन तापायच्या आत घरी पोचायचं, असं सगळं ठरलं होतं. आदल्या दिवशी सकाळी शेजारच्या मळ्यातले माझे चुलत दीर आले. त्यांना पंचांग फार कळतं.

"वहिनी, गाय उद्या आणताय म्हणं?"

"हो."

"आज सांजच्याला अवस लागती. अवसेचं जनावर दारात घेऊ नका. घ्यायचं तर आज दिवस मावळायच्या आत घ्या, नाय तर परवावर ढकला."

परवा पिकअपवाला एका लग्नात होता. फौजींचं सामान बांधून झालं होतं. आमच्या वाडीत अवसेला बैल घेत नाहीत, गाय घेत नाहीत, नवा मोटरपंपही बसवत नाहीत. दिरांचं ऐकू नये असं कोणाच्या मनातही आलं नाही, आणि पॅकहाऊस सोडून बसलेल्या सुनेच्या तर मुळीच नाही. तिला सगळं नीट, शकुनाचं करायचं होतं. मुलानं फोन फिरवले. पिकअपवाला म्हणाला, दुपारी मोकळा आहे. मग दुपारी.

भर बारा वाजता गाय गाडीत चढवली. पिंपळगावच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाला होता, त्यामागे गाड्यांची रांग. पिकअपला वर ताडपत्री होती, पण ती ताडपत्री काळी. मुलगा गाडीबरोबर होता. तो सांगत होता, गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता आणि पुढून मागून ट्रकांचा धूर. जवळ असलेल्या बाटल्यांतलं पाणी त्यानं तिच्या डोक्यावर ओतलं. बाटल्या संपल्या. गाय उभी होती.

आमच्या अंगणात उतरवली तेव्हा तिची जीभ बाहेर होती आणि तोंडातून फेसाची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. सून ताट घेऊन तयार. मी म्हटलं, "आधी सावलीत घे तिला."

"आत्या, दोनच मिनिटं. दारात आल्यावर ओवाळल्याशिवाय कसं?"

तिनं खुरांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, ओवाळलं, भाकरीचा तुकडा तोंडापुढं धरला. गाईनं तो घेतला नाही. दीर म्हणाले, "दमलीय. लांबून आलीय." ते समाधानानं घरी गेले. अवस लागायला अजून वेळ होता.

जनावरांचे डॉक्टर संध्याकाळी आले. तरुण आहेत, मोटारसायकलवर पेटी बांधून हिंडतात, बोलतात कमी. थर्मामीटर बघून त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"हिला ऊन लागलंय. थोडंथोडकं नाही."

पत्र्याखालच्या लोखंडी पाईपला सलाईनची बाटली टांगली, शिरेत सुई घातली, आम्हाला डोक्यावर आणि मानेवर सारखं पाणी ओतायला लावलं. जाताना म्हणाले, "दोन दिवसांत बरी दिसायला लागेल. फसू नका. आतून सावरायला वेळ लागतो. आठ-पंधरा दिवस हिला कसलाही त्रास नको."

खरंच दोन दिवसांत ती बरी दिसायला लागली. चारा खाऊ लागली. सुनेनं मोबाईल खुंटीला अडकवून त्यावर गाणी लावली, तेव्हा तिचे कान हलले. सून म्हणाली, "ऐकती बघा!" जर्सीनं पण कान हलवले, पण तिचं कौतुक कोण करणार.

मग तो दिवस आला. सकाळपासूनच वारा पडलेला. दुपारी लाईट गेली. गोठ्यातला एकुलता एक पंखा थांबला. पत्र्याखाली उभं राहिलं तर डोक्यावर कोणी तापलेला तवा धरल्यासारखं वाटत होतं. डांगी बसून होती. जर्सीची धाप चालू होती, पण ती तिची दरवर्षीची धाप. कॅम्पवालीनं पुन्हा तोंड उघडलं. जीभ बाहेर आली.

सून घाबरली. "अहो, काय तरी करा. हिला परत ऊन लागतंय."

विहिरीवरची मोटर बंद, नळाला पाणी नाही. हौदात मात्र पाणी होतं. मुलगा अंगणात उभा राहिला, इकडंतिकडं बघितलं, आणि त्याची नजर ब्लोअरवर गेली. द्राक्षाला फवारणी करायचं यंत्र, ट्रॅक्टरमागं जोडतात. मोठी टाकी आणि मागं मोठा पंखा, पाण्याचं धुकं करून फेकतो. आमच्या भागात दर दुसऱ्या बागेत आहे. त्यानं टाकी हौदाच्या पाण्यानं दोनदा खळबळून ओतून दिली, मी बघत होते. तिसऱ्यांदा भरली आणि ट्रॅक्टर गोठ्याच्या तोंडाशी लावला.

"थंडगार करतो बघ तुझ्या गाईला," तो सुनेला म्हणाला.

पंखा सुरू झाला. एवढा आवाज की कोंबड्या बांधापलीकडं पळाल्या. गोठ्यात पांढरं धुकं भरलं. धुक्याबरोबर गोठ्यातलं सगळं उडालं: कुट्टीचा भुसा, वाळलेलं शेण, पत्र्याची जळमटं, कोपऱ्यातल्या जुन्या कडब्याची बुरशी. बागेवर फवारतात त्या गंधकाचा वास आला. तो यायचाच. बागायतदाराच्या घरात सगळ्याला तो वास असतो, मुलाच्या शर्टाला असतो, कधीकधी भाकरीलाही. कोणाला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. अंगावर गार तुषार आले तेव्हा मी पदर पसरून उभी राहिले. सून तर लहान पोरीसारखी हसत होती, ओरडत होती, "आणखी! आणखी मारा!" तिला असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं. डांगीनं पाठ फिरवली. जर्सीनं मान झटकली. कॅम्पवाली तशीच, पंख्याकडं तोंड करून, तोंड उघडं टाकून उभी. जेवढं आत येईल तेवढं घेत होती.

संध्याकाळी आम्ही सगळेच खोकत होतो. मी पण. घशात कोणी भुसा कोंबल्यासारखं झालं होतं. डांगी दोन-चारदा शिंकली आणि मोकळी झाली. जर्सीचं नाक वाहिलं, दोन दिवस ती ढासली, तिसऱ्या दिवशी तिनं खुराक मागितला. मी गुळवेल उकळून प्यायले आणि माझंही थांबलं.

कॅम्पवालीचं थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मान पुढं ताणून उभी होती. पुढचे पाय फाकवलेले, कोपरं अंगापासून लांब. बसायला तयार नाही. प्रत्येक श्वास सोडताना कण्हत होती. बरगड्या भात्यासारख्या आत-बाहेर होत होत्या आणि एवढं करूनही तिला हवा पुरत नव्हती. मी तिच्यापुढं उलटी पाटी टाकून बसले. मघाशी सांगितलं ना, श्वास पहिल्यांदा पाहिला. तो तेव्हा.

डॉक्टर आले. कानाला नळी लावून बराच वेळ तिच्या दोन्ही बाजू ऐकत राहिले. मी विचारलं, "काय ऐकू येतं?"

त्यांनी नळी माझ्या कानाला लावली. "आधी जर्सीचं ऐका आजी."

जर्सीच्या छातीत वाऱ्यानं उसाचं पान हलावं तसा आवाज होता. मग कॅम्पवालीच्या बरगडीवर वर लावलं, तर तापल्या तव्यावर मीठ टाकल्यासारखं तडतडत होतं. खाली लावलं तर काहीच नाही.

"हिथं काय बंद पडलंय का?"

"तिथं हवाच पोचत नाही. फुफ्फुस सुजलंय, पाणी भरलंय."

मुलगा खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "टाकी दोनदा धुतली होती, डॉक्टर. आईनं पाहिलंय."

"गंधक असेल. गोठ्यातली धूळ असेल, कडब्याची बुरशी असेल. पंख्यानं सगळंच उडवलं. आता कापून बघितल्याशिवाय कोण सांगणार?"

"ती जिवंत हाय अजून," मी म्हटलं.

मग सुनेनं जे विचारलं ते मी आजही विचारते. तिनं विचारलं, "डॉक्टर, तिन्ही गाई एकाच फवाऱ्यात होत्या. आत्या होत्या, मी होते. मग हिलाच का?"

डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली. "त्या दोघी चैत्रापासून रोज थोड्या थोड्या तापत होत्या. जनावर बेताचं तापत गेलं की अंग त्याची तयारी करून ठेवतं. आतल्या आत काहीतरी बनतं, मग फुफ्फुसाला इजा झाली तरी ती थोडक्यात आटपते. असं उंदरांवर करून बघतात. आधी उंदीर बेताचा तापवायचा, मग फुफ्फुसाला इजा करायची."

"उंदीर तापवतात?" मी विचारलं.

"हो."

"कशाला?"

"माणसं वाचावीत म्हणून."

"आन् उंदीर वाचतो का?"

"कधी वाचतो. आधी जास्त तापला असेल तर उलटं होतं, आणखी लवकर मरतो. ही गाय जन्मभर पंख्याखाली होती. तापायची सवय नाही. आणि एकदम गाडीत एवढी तापली. फुफ्फुस तेव्हाच दुखावलं असेल. त्यातून सावरायच्या आत हे झालं."

"म्हणजे उन्हानंच त्या दोघी वाचल्या आन् उन्हानंच ही मरायला लागली."

"साधारण तसंच. पण गाईच्या बाबतीत मी छातीठोक सांगणार नाही."

"मग बेताचं म्हणजे किती ते तरी सांगा."

"तेच कोणाला नेमकं सांगता येत नाही, आजी."

मी चौथीपर्यंत शिकले. मला वाटायचं, शिकलेल्या माणसाला सगळं माहीत असतं आणि आपल्याला ते सांगत नाहीत. त्या दिवशी कळलं की तसं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं आणि ते तसं सरळ म्हणाले. त्यांच्याबद्दल मला बरं वाटलं, पण त्यानं गाईला काय.

दोन-तीन दिवस इंजेक्शनं झाली. फरक पडला नाही. तिच्या डोळ्यांच्या कडा निळसर झाल्या. मग डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार पावलं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"एक इंजेक्शन राहिलंय. सूज ओढून घेईल. पण गाभण गाईला ते दिलं की वासरू पडतं. आठवा महिना आहे, वासरू जगेल असं मी म्हणणार नाही."

"आन् नाय दिलं तर?"

"तर दोघांचंही सांगता येत नाही."

मुलगा म्हणाला, "नको. वासरू राहू द्या. कालवड असली तर पुढं तीच गाय होईल."

"आन् गोऱ्हा असला तर?" सून म्हणाली.

"पण आई मेल्यावर वासरू पोटात जगतं का?" मी विचारलं.

सून गाईच्या तोंडापाशी जाऊन उभी राहिली. गाईनं तिच्या हातावर नाक टेकवलं, प्रेमानं नाही, मान पेलवत नव्हती म्हणून. सुनेनं माझ्याकडं बघितलं.

"आत्या, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? गाय तुझी हाय."

हे खरं होतं आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता. पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच. ती पुन्हा गाईकडं वळली. तिच्या बरगड्यांवर हात ठेवून तिनं काही श्वास मोजल्यासारखे केले. मग डॉक्टरांकडं न बघता म्हणाली, "द्या."

मुलगा उठून बागेत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून गाईचा श्वास हलका झाला. कण्हणं थांबलं. ती पहिल्यांदा खाली बसली, आणि गाय नुसती बसली म्हणून आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. सून म्हणाली, "बघा, बरं केलं ना मी?" मी हो म्हटलं. त्याच्या पुढच्या सकाळी तिला कळा आल्या.

कालवड होती. मांजरासारखी आखूड केसांची, ओली, पाय लांब आणि अंग कुठंच नाही. सुनेनं तिला गोणपाटानं खसाखसा चोळलं, नाकात गवताची काडी घातली, मागचे पाय धरून उलटी केली, सगळं केलं. कालवडीनं तोंड उघडून श्वास घेतला. आईसारखाच, मान ताणून. परत घेतला. मग घेतला नाही. सून तरी चोळतच राहिली. शेवटी मी तिच्या हातातलं गोणपाट काढून घेतलं. मुलानं बांधाला खड्डा केला आणि मीठ घालून कालवड पुरली. तो बायकोला काही बोलला नाही. त्यानं काही बोलायला हवं होतं असं मला वाटलं, पण काय बोलायला हवं होतं हे मलाही सुचलं नाही.

फौजींचा परगावाहून फोन आला, "कैसी है मेरी बेटी?" सुनेनं फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "जिवंत हाय." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

गाय जगली. हे मी नीट सांगते, कारण लोकांना वाटतं की गोष्ट तिथं संपली. ती जगली, पण डॉक्टरांनी पावसाळ्यात पुन्हा ऐकून सांगितलं, खालचा भाग गेला तो गेला. दूध डेअरीला घालण्याइतकं आलंच नाही, चहापुरतं आलं आणि आटलं. आता हिला गाभण ठेवू नका, ते म्हणाले, दोघांपुरता श्वास हिच्याकडं नाही. गाभण नाही म्हणजे दूध नाही. थंडीत ती झकास दिसायची. चकचकीत कातडी, भरलेलं अंग. बघणाऱ्याला वाटावं, हिला काय झालंय?

पौषात एक व्यापारी आला. सकाळची वेळ, गारठा. गाईभोवती फिरला, खूश झाला. सुनेला म्हणाला, "वहिनी, जनावर एक नंबर हाय. का विकताय?"

"उन्हात उभी करून बघा."

"आता कुठं ऊन हाय?"

"म्हणूनच सांगते. हिचं फुफ्फुस गेलंय. धाप लागती. गाभण ठेवता येत नाय."

तो तिच्याकडं बघत राहिला. "वहिनी, तुम्हाला गाय विकायची हाय का नाय?"

तो गेल्यावर मुलगा चिडला. "गप बसली असतीस तर काय झालं असतं? त्याचं तो बघून घेईल ना."

"तो नाय बघणार. तो हिला दुपारच्याला गाडीत घालील," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं कोनाड्यातली कात्री काढली, दगडावर घासली, आणि माझा जुना स्वेटर मागून घेतला. तेव्हापासून ती पॅकहाऊसला जाते. संध्याकाळी येते तेव्हा बोटं पांढरी असतात. यंदा तव्याचा चटका लागत नाही असं ती म्हणत नाही. मी पण विचारत नाही. ब्लोअर मुलानं बागेच्या पार टोकाला नेऊन लावलाय. फवारणी त्याच्यानंच करावी लागते, पण गोठ्यासमोरून तो ट्रॅक्टर नेत नाही, लांबून वळसा घालून जातो.

आता फाल्गुन लागलाय. पत्रा दुपारी बोटाला कळायला लागलाय. परवा डॉक्टर डांगीला बघायला आले तेव्हा मी त्यांना अडवलं.

"डॉक्टर, मागल्या साली ही तापली. त्याचा यंदा हिला फायदा का तोटा?"

त्यांनी कॅम्पवालीकडं पाहिलं. "दोन्ही होऊ शकतं. अंगाला थोडी सवय झाली असेल. पण फुफ्फुस कमी उरलंय. आतापासून सकाळी थोडं थोडं उन्हात काढत जा. धाप लागायच्या आत परत घ्या. एकदम वैशाखात गाठ पडण्यापेक्षा बरं."

"थोडं म्हणजे?"

"बेताचं."

मग काय. रोज सकाळी मी तिला सोडते आणि लिंबाच्या सावलीबाहेरच्या खुंट्याला बांधते. पुढं पाटी टाकून बसते आणि बरगड्या बघते. दीर बांधावरून ओरडतात, "वहिनी, गाईला ऊन खाऊ घालताय का काय?" मी म्हणते, "हो, तुमच्या पंचांगात बघा किती घालायचं ते." ते हसून निघून जातात. मला हसू येत नाही. गाय कान हलवते. नाकपुड्या मोठ्या व्हायला लागल्या की उठायचं, असं मी ठरवलंय. काल उठले तेव्हा तोंड मिटलेलं होतं. मग वाटलं, लवकर आत घेतली, एवढ्यानं काय सवय होणार. आज थोडी जास्त ठेवली. गुडघे धरले म्हणून उठायला वेळ लागला आणि दाव्याची गाठ सुटेपर्यंत तिनं तोंड उघडलं होतं. जीभ बाहेर नव्हती आली. पण उघडलं होतं.

संध्याकाळी सून आली. चप्पल काढायच्या आधी गोठ्यात गेली आणि गाईच्या बरगडीवर हात ठेवला. गार बोटांनी गाय शहारली.

"आज किती वेळ ठेवली व्हती आत्या?"

"बेताची."

"म्हणजे किती?"

मी तिच्या हातातून कात्री घेतली आणि कोनाड्यात ठेवली. ती तिथंच उभी राहिली, हात बरगडीवर, माझ्या उत्तराची वाट बघत.